बेबी ऑफ सुनीता

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बचत गटाचा हप्ता भरायला सुनीता आली होती. (खरं नाव वेगळं आहे.) पैसे मोजून झाले, वहीत सही झाली, छत्री उचलून ती निघाली, तसं मी सवयीनं विचारलं, “काय गं, बाळाचे नऊ महिन्यांचे डोस झाले का?”

“झाले की ताई, परवाच.”

“परवा? मी दिवसभर तिथंच बसले होते. तू तर दिसली नाहीस.”

“मी नाही गेले. पोराला जुलाब होत होते. पण ह्यांच्या मोबाइलवर मेसेज आलाय ना, लस झाली म्हणून. सासूबाई म्हणाल्या, सरकारचा मेसेज आहे, मागच्याच वेळी सगळं देऊन टाकलं असेल. मग कशाला परत टोचायचं?”

मी तिला पुन्हा खाली बसवलं. चहा ठेवला आणि घरून कार्ड आणायला सांगितलं. कार्डावर नऊ महिन्यांची रांग कोरी होती. गोवर-रुबेलाचा चौकोन रिकामा, न्यूमोकोकलच्या बूस्टरचा रिकामा, पोलिओच्या तिसऱ्या सुईचा रिकामा. आणि नवऱ्याच्या मोबाइलमध्ये मात्र सगळं झालेलं! बाळ घरात पाळण्यात, आणि त्याची लस झालेली कुठं, तर संगणकात.

दुसऱ्या दिवशी आशाताईंबरोबर मागच्या गल्लीत गेले, तिथं याच गोष्टीची दुसरी बाजू उभी होती. आशाताईंच्या यादीत एका बाळाची लस ‘बाकी’ दिसत होती. दार उघडलं आणि त्या बाळाची आई कडाडलीच, “किती वेळा टोचणार माझ्या लेकराला? परवा तीन सुया घेऊन आले मी! रात्रभर रडलं ते.” तिनं कार्ड आणून आमच्यासमोर धरलं. खरंच, तारखा होत्या, सही होती. हिचंही नाव सुनीता!

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. दोघी मराठवाड्यातल्या एकाच पट्ट्यातल्या. नाव एक, आडनाव एक, नवऱ्याचं नावही एकच. दोघींची बाळं सहा दिवसांच्या अंतरानं जन्मलेली. आणि दोन्ही बाळांची बारशी होऊन आठ महिने उलटले, तरी नोंदीत नाव तेच, जन्माच्या दिवशी लिहिलेलं. बेबी ऑफ सुनीता. टोचलं एकीच्या बाळाला आणि नोंद झाली दुसरीच्या बाळावर.

रबाळ्यात राहणाऱ्या बाईला यात नवल वाटणार नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पलीकडे एमआयडीसी, डोंगराच्या पायथ्याशी वस्त्या, इकडे गावठाणातल्या चाळी. मूळचे आगरी लोक घरमालक, आणि भाडेकरू बीडपासून बिहारपर्यंत कुठलेही. कंपनीतलं काम सुटलं की खोली सुटते, खोली सुटली की पत्ता सुटतो. अशा ठिकाणी कुठल्या बाळाला कुठला डोस कधी दिला, हे लिहून ठेवायचं म्हणजे चाळणीत पाणी धरण्यासारखं.

त्यातून आपल्याकडची रीत अशी, की पहिलं बाळंतपण माहेरी. जन्माच्या वेळची बीसीजी, कावीळ ब ची सुई आणि पोलिओचे थेंब तिकडे. दीड महिन्याचे डोस बहुधा तिकडेच. मग बाळाला घेऊन ती सासरी येते आणि अडीच महिन्यांचे, साडेतीन महिन्यांचे डोस इकडे. तिकडच्या दवाखान्यात कुणी तिला लहानपणापासून ओळखणारं असतं, ते लिहून टाकतं माहेरचं आडनाव. इकडे आधार कार्डावर सासरचं. कुठे लग्नात बदललेलं नाव, कुठे जुनंच. एकाच बाईच्या दोन नोंदी तयार होतात आणि एकाच बाळाचे डोस दोन घरांत विभागले जातात. माहेरच्या नोंदीत बाळ अर्धवट, सासरच्या नोंदीतही अर्धवट. खरं तर त्याचं सगळं वेळेवर झालेलं असतं.

पुरुषाचं नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच. हा घोळ होतो तो बाईच्या नावाचा, आणि बाळाची नोंद लागलेली असते आईच्या नावाला! यावर आपण कधी बोललोच नाही.

दुसरा घोळ मोबाइल नंबरचा. नंबर विचारला की आपण पटकन नवऱ्याचा सांगतो. तो रात्रपाळीला. मेसेज आलेला त्याला कळतो सकाळी, बायकोला सांगायची आठवण होते तिसऱ्या दिवशी. मध्येच स्वस्त ऑफर मिळाली की तो सिमकार्ड बदलतो. मग पुढच्या डोसची आठवण करून देणारा मेसेज कुणाच्या खिशात वाजतो, कोण जाणे!

हे संगणकाचं प्रकरण आलं कुठून, तेही सांगायला हवं. आपल्या देशात सर्वांसाठीचा लसीकरण कार्यक्रम १९८५ पासून आहे. पण बरीच वर्षं गावातून वर जायचे ते नुसते आकडे. अमुक महिन्यात अमुक इतक्या बाळांना गोवराची लस दिली, एवढंच. कुठलं बाळ राहिलं, हे फक्त गावच्या नर्सबाईंच्या रजिस्टरला ठाऊक. २००९ साली आई आणि बाळाची नावानिशी नोंद ठेवायची व्यवस्था देशभर आणायचं ठरलं. पुढे तिचं आरसीएच पोर्टल झालं. आता यू-विन आहे. जानेवारी २०२३ मध्ये काही जिल्ह्यांत ते करून पाहिलं आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ते देशासाठी खुलं झालं. बाळाची नोंद एकदा नीट झाली की देशात कुठेही डोस घेता येतो, पुढच्या तारखेचा मेसेज येतो, प्रमाणपत्र मोबाइलवर मिळतं. आमच्यासारख्या फिरत्या वस्तीला याहून चांगलं काय हवं? मी या व्यवस्थेच्या विरुद्ध मुळीच नाही. पण संगणक बिचारा काय करणार! त्याच्यात जे घालाल, तेच तो धरून बसणार, आणि माणसापेक्षा जास्त ठामपणे धरून बसणार. सासूबाईंनी नर्सबाईंच्या शब्दावर शंका घेतली असती. मेसेजवर नाही घेतली.

नर्सबाईंना दोष देण्याआधी त्यांच्या टेबलाशी एक सकाळ बसून पाहा. आधी कार्डावर लिहायचं. मग कार्डाचा जो भाग फाडून त्या स्वतःकडे ठेवतात, त्यावर. मग रजिस्टरमध्ये, मग त्या दिवशीच्या यादीत, आणि शेवटी मोबाइल किंवा संगणकात. एका डोसासाठी इतक्या वेळा लिहायचं, आणि समोर साठ बाळं रडतायत. कुणी म्हणतं आधी माझं घ्या, रिक्षा उभी आहे. रेंज नसते, तेव्हा संगणकातली नोंद संध्याकाळी. संध्याकाळी डोळ्यांसमोर बाळ नसतं, असतं फक्त ‘बेबी ऑफ सुनीता’. आणि नोंद दुसऱ्या दिवशी केली, तर डोसाच्या तारखेच्या जागी नोंदीची तारीख पडायला कितीसा वेळ लागतो?

तो फाडून ठेवलेला भाग एका कापडी पिशवीत जातो. भिंतीला टांगलेली, वर्षाच्या बारा महिन्यांचे बारा कप्पे असलेली पिशवी. ज्या बाळाचा पुढचा डोस ऑक्टोबरमध्ये, त्याचा कागद ऑक्टोबरच्या कप्प्यात. महिना उजाडला की कप्पा उघडायचा आणि घरोघर जायचं. आमच्या दोन सुनीतांचा गुंता सुटला तो याच पिशवीतल्या कागदांमुळे. संगणक एक सांगत होता आणि कागद दुसरं. जन्मतारीख ताडून पाहिली, कार्डं शेजारी ठेवली, दोघींना विचारलं, “कुठल्या हाताला टोचलं?” नऊ महिन्यांना गोवर-रुबेलाची सुई उजव्या दंडावर देतात आणि पोलिओची डाव्या. मागच्या गल्लीतल्या सुनीतानं दोन्ही दंड आणि मांडी बरोबर दाखवली. आईच्या लक्षात राहतं ते.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या सगळ्या मुलांना शाळाशाळांतून लस दिली. एका शाळेत आमच्या महिला मंडळाच्या बायका मदतीला होत्या, माझ्याकडे यादी. मी हुशारी केली. सकाळी गर्दी नको, म्हणून आदल्या रात्रीच हजेरीपटावरून नावं उतरवून ठेवली आणि वर्ग रांगेनं आला की भराभर खुणा करत गेले. दुपारी वापरलेल्या सिरिंज मोजल्या, तर माझ्या खुणा तीन जास्त! तीन मुलं त्या दिवशी शाळेतच आली नव्हती. लस दिली की बोटावर शाई लावत होते, म्हणून आम्ही वर्गावर्गातून बोटं तपासत फिरलो. तिघं सापडली, पुढच्या फेरीत त्यांना लस मिळाली. सिरिंज मोजल्या नसत्या, तर ती तिघं कायमची ‘लस झालेली’ राहिली असती, माझ्या सुवाच्य अक्षरात. तेव्हापासून बाळ टेबलावरून उठेपर्यंत मी पेन टेकवत नाही.

कुणी म्हणेल, एक खूण इकडची तिकडे झाली, एवढं काय त्यात? २०२२ सालचा हिवाळा आठवा. गोवंडीत गोवर सुरू झाला, मग भिवंडी, मालेगाव. लहान लहान मुलं दगावली. गोवर म्हणजे अंगावर पुरळ, देवीचा कोप, आपोआप जाईल असं मानणारी घरं अजून आहेत. तो नुसता पुरळ नसतो. न्यूमोनिया होतो, डोळे जातात, मेंदूला सूज येते. बळी पडली ती बहुतेक लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली मुलं. अशा वेळी आरोग्य खातं यादी काढतं आणि राहिलेल्या मुलांच्या घरी जातं. यादीत ‘झालं’ लिहिलेल्या बाळाच्या दारावर कुणीच थाप मारत नाही. आमच्या पुढच्या गल्लीतली सुनीता तशीच राहिली असती.

त्या साथीतला आणखी एक बारकावा. जिथं फारच लहान बाळांना गोवर होत होता, तिथं सहा महिन्यांपासूनच्या बाळांनाही एक डोस द्यायचं ठरलं होतं. तो डोस हिशेबाबाहेरचा. नऊ महिन्यांचा आणि सोळा महिन्यांनंतरचा, हे दोन्ही तरीही घ्यायचेच. तो जादा डोस ‘पहिला’ म्हणून कुणी लिहिला, तर दुसरा डोस नावाला होणार आणि खरा राहून जाणार.

नोंदीची किंमत आपल्याला खऱ्या अर्थानं कळली ती करोनात. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच पास मिळू लागला. आमच्या शेजारची एक बाई ठाण्याला पोळ्या करायला जायची. दोन डोस घेतलेले, पण दुसऱ्याची नोंदच नाही. जिथं डोस घेतला तिथं तीन हेलपाटे, आणि तोवर दोन घरची कामं गेली. उलटंही होत होतं, न घेतलेल्या डोसाचे मेसेज येत होते. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये सरकारनंच कोविनवर सोय केली, चुकून ‘डोस पूर्ण’ अशी नोंद झाली असेल तर ती मागे घेता येईल, त्याला तीन ते सात दिवस लागतील. म्हणजे नोंद चुकू शकते, हे सरकारनंही मान्य केलं. आपणच मेसेजला देव मानतो.

आणि नोंद नीट वाचल्यानं चोरी पकडली गेली, हेही त्याच काळातलं. ३० मे २०२१ रोजी कांदिवलीच्या एका मोठ्या गृहसंकुलात सुमारे ३९० लोकांना प्रत्येकी १२६० रुपये घेऊन लस दिली गेली. पण प्रमाणपत्रं आली ती वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांची, तारखाही भलत्याच. लोकांनी विचारणा केली, तर रुग्णालयं म्हणाली, हे शिबिर आमचं नव्हेच! बोगस लसीकरणाचं ते प्रकरण पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि तशीच तक्रार इकडे तुर्भे पोलिसांकडेही नोंदली गेली. प्रमाणपत्रावरचं रुग्णालयाचं नाव कुणी वाचलंच नसतं तर?

खासगी डॉक्टरांकडे जाणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्ही यातून सुटलात असं समजू नका. तिथं बाळाची सुंदर रंगीत पुस्तिका मिळते, लसीच्या बाटलीचं स्टिकरही चिकटवतात. पण ती नोंद सरकारी यादीत पोचलेली असेलच असं नाही. मग आशाताई दारात आल्या की आपण म्हणतो, “आमचं प्रायव्हेट आहे,” आणि दार लावतो. असं करू नका. पुस्तिका दाखवा, तारखा लिहून घेऊ द्या.

माझी भाची लग्न होऊन इंग्लंडला गेली. पहिली मुलगी इथलीच, तीन वर्षांची घेऊन गेली. तिथं प्रत्येक कुटुंबाची नोंद एका ठरलेल्या डॉक्टरकडे, आणि डॉक्टरच्या संगणकात बाळाची सगळी कुंडली. ‘आम्ही दिली’ आणि ‘दुसरीकडे दिलेली’ या नोंदी तिथं वेगवेगळ्या. बोलावूनही आले नाहीत, आईनं नको म्हटलं, हेही वेगळं लिहितात. मला हे फार आवडलं. आपल्याकडे या सगळ्याला एकच शब्द, बाकी! भाचीनं पुस्तिका पुढे केली, तर गोवराच्या रांगेत लसीच्या कंपनीचं नाव आणि इथल्या डॉक्टरांचा शिक्का होता. तारीखच नव्हती. आणि तिथला नियम असा, की पहिल्या वाढदिवसाच्या आधी दिलेला गोवराचा डोस ते गणतीत धरत नाहीत, आणि ज्याची खात्रीची नोंद नाही तो डोस झालाच नाही असं समजतात. भाची फोनवर म्हणाली, “मावशी, मी शपथेवर सांगितलं, तरी ऐकेनात.” मुलीला पुन्हा टोचून घ्यावं लागलं. तिच्या आईला राग आला. मला वाटतं, ते बरोबरच होतं. डॉक्टर सांगतात, गोवराचा एखादा डोस जास्त झाला तर सहसा काही बिघडत नाही, राहून गेला तर मात्र बिघडतं.

लिहिण्याचं महत्त्व किती जुनं आहे पाहा. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस यशस्वीपणे टोचली. हिंदुस्थानातली ती पहिली. सव्वादोनशे वर्षांनी त्या चिमुरडीचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी त्या दिवशी ते लिहून ठेवलं. बेबी ऑफ अमुक म्हणून नाही, तिच्या नावानं.

मी आता सत्राच्या दिवशी बायकांना एकच करायला लावते. बाळाला खांद्यावर घेतलं तरी लगेच उठायचं नाही. “सिस्टर, जरा वाचून दाखवता?” असं गोड बोलून विचारायचं. बाळाचं नाव, जन्मतारीख, आज कुठला डोस, कितवा, आणि आजची तारीख. आईचं नाव आधारवर आहे तसंच आहे ना, नंबर चालू आहे ना. बारसं झालं असेल तर नाव सांगून बदलून घ्यायचं. कार्डाचा फोटो काढून माहेरी कुणाला तरी पाठवून ठेवायचा, कारण खोली बदलताना पहिलं हरवतं ते कार्ड. आणि ते हरवलंच, तर लाजेनं घरी बसायचं नाही. मध्ये खंड पडला म्हणून डोस पहिल्यापासून सुरू करत नाहीत, राहिले तिथून पुढे देतात. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत राहिलेला घेता येतो. सुरुवातीला सिस्टर जरा वैतागल्या. आता त्याच आधी वाचून दाखवतात. परवा म्हणाल्या, “त्यातच माझ्या दोन चुका सापडल्या हो.”

पुढच्या गल्लीतल्या सुनीताच्या बाळाची नोंद दुरुस्त व्हायला चार-पाच दिवस गेले. पुढच्या सत्राला ती आली, बाळाला काजळ-तीट लावून. योगायोगानं दुसरी सुनीताही मोठ्या मुलाच्या डोससाठी आली होती. सिस्टरनी यादी वाचायला सुरुवात केली, “सुनीता...” आणि दोघी एकदम उठल्या. हॉलमध्ये हशा पिकला. सिस्टर म्हणाल्या, “थांबा, आता आईचं नको, बाळाचं नाव सांगा.” तिनं सांगितलं. “मोबाइल नंबर?” तिनं सवयीनं नवऱ्याचा नंबर सुरू केला, चार आकडे झाल्यावर थांबली, आणि ब्लाउजमधून चिठ्ठी काढून स्वतःचा नंबर सावकाश वाचला.

दुपारी माझा फोन वाजला. मागे बाळ भोकाड पसरून रडत होतं. “ताई, मेसेज आलाय,” ती ओरडून सांगत होती, “थांबा, मी कार्ड घेते हातात. तारीख बरोबर आहे का ते बघू दे आधी.”